तळ्यातलं गवत म्हणजे कचरा नाही

आज सकाळी आमच्या इथल्या तळ्यावर गेले आणि डोकंच फिरलं. काठाचं सगळं पाणकणीस, सगळा लव्हाळा जेसीबीने खरवडून टाकलाय. जुलैत! ज्या महिन्यात पाणकोंबड्या, कमळपक्षी अंड्यांवर बसलेले असतात नेमक्या त्या महिन्यात. सुशोभीकरण चालू आहे म्हणे. दगडी पिचिंग (म्हणजे काठाला दगड बसवणं), पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आणि कडेने गुलमोहराची रोपं. मी विचारलं हे काय चाललंय, तर उत्तर आलं, "मॅडम, कचरा काढतोय."

कचरा??

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातली ती गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सांगून झालीय, तरी परत सांगते, कारण आज दिवसभर तेच डोळ्यांसमोर आहे. पावसाळ्यात चापडगावच्या बाजूला पक्षी मोजायला गेलो होतो, सोबत गावातलेच एक गाइड मामा. पाण्यावरच्या पानांवरून एक कमळपक्षी चालत होता आणि त्याच्या पंखांखालून काड्यांसारखं काहीतरी लोंबत होतं. मला वाटलं जखमी आहे, जाळ्यात अडकलाय. मामा हळूच म्हणाले, "ताई, पिल्लं हायेत ती. पाय मोजा." सहा पाय. तीन पिल्लं काखेत मारून बाप चालला होता! यांच्यात अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नरच करतो. वर घार फिरत होती. तो गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. आम्ही वहीत लिहिलं, नर १, पिल्लं ३.

ते गवत नसतं तर तो कुठे शिरला असता?

आणि नांदूर मध्यमेश्वर तरी काय आहे, गोदावरी-कादवाच्या संगमावरचा जुना बंधारा, वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, गवत माजलं आणि म्हणून पक्षी आले. १९८६ ला अभयारण्य झालं, पुढे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. कुणी पिचिंग करून नाही झालं ते. थापट्या बदकाला चिखल गाळून खायला उथळ पाणी लागतं, शेकाट्याचे पाय लांब असले तरी तो काही पोहत जेवत नाही, काठ सरळ खोल केला की तो उभा कुठे राहणार?

जलपर्णी काढायला हवी, मान्य. बेशरम हे माजणारं परदेशी झुडूप, ती तर काढायलाच हवी, आम्हीच दोन वर्षं रविवारी गुडघाभर चिखलात उभं राहून ती मुळासकट उपटलीय कारण तुकडा राहिला तरी परत फुटते. तिच्या जागी वाळुंज, करंज, उंबर लावले, उन्हाळ्यात घरून कॅनने पाणी नेऊन घातलं. त्यातली तीन वाळुंजं आज दगडांखाली गेली. ती लावताना ज्यांनी फोटो काढून घेतले होते त्यांना आज फोन केला, उचलला नाही.

लोकांना फिरायला जागा हवी हेही खरंय. माझी आई तिथेच फिरते, तिचे गुडघे दुखतात, तिला सपाट रस्ता हवाच. पण तो रस्ता काठापासून वीस पावलं मागे घेतला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? आईलाच विचारलं मी. ती म्हणाली, मी तर बदकं बघायलाच जाते ग.

मोजून काय मिळतं असं मला नेहमी विचारतात. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर माणसं थंडीत उठून पाणपक्षी मोजतात ते हौस म्हणून नाही. आकडा लिहिलेला नसला की उद्या कुणीही म्हणतं, इथे पक्षी नव्हतेच. माझ्याकडे या तळ्याच्या पाच वर्षांच्या वह्या आहेत. त्यांची झेरॉक्स काढून उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे, अर्ज वेगळा.

पूर्वेकडचा कोपरा अजून शिल्लक आहे, साधारण दोन खोल्यांएवढं पाणकणीस. जेसीबीवाला दादा मात्र चांगला निघाला. त्याला मी मोबाइलवर तो सहा पायांचा फोटो दाखवला, त्याने झूम करून बघितला, स्वतः मोजले. म्हणाला, ताई, वरून ऑर्डर येईस्तोवर त्या कोपऱ्यात नाही घालत मशीन.

उद्या सकाळी सहाला मी तिथे आहे. ज्यांना जमेल त्यांनी या, चपला नको, गमबूट घाला.