एफ फॉर फैजपूर

तीन-चार दिवसांपूर्वी रात्री पावणेबाराला माझ्या कॉम्प्युटरने मला कळवलं, की नववा तुकडा खराब आहे, नवीन प्रत मिळवा. खाली एकच बटण, ‘ओके’. चौदा तास डाउनलोड केल्यावर त्यात काय ओके आहे, ते विचारायला कुणी नव्हतं. दाबलं.

झालं होतं असं, की सेलमध्ये 2,499 रुपयांचा गेम 375 ला मिळत होता, म्हणून घेतला. गेम 60 जीबीचा. ज्या दुकानातून घेतला तिथल्या गेम्सना डीआरएम नसतं, म्हणजे कुलूप नसतं. फाइल उतरवून घ्या, कपाटात ठेवा, उद्या दुकान बुडालं तरी गेम तुमचा. बाकी ठिकाणी आपण ‘खरेदी करा’ दाबतो आणि हाती येतो तो फक्त परवाना. इतका, की कॅलिफोर्नियाने 2024 साली कायदा केला, की परवाना विकत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते तिला त्या कायद्यातून सूट आहे. मी त्या सुटीतला स्वाभिमानी गिऱ्हाईक. दुकानाचं एक अ‍ॅप आहे, ते खराब झालेला भाग स्वतःच शोधून पुन्हा आणतं म्हणे. पण मला अ‍ॅप नको होतं. मला मालकी हवी होती.

तर मालकी पंधरा तुकड्यांत येते. प्रत्येक तुकडा चार जीबीचा, कारण जुन्या फॅट32 पद्धतीच्या डिस्कवर त्याहून मोठी फाइल मावत नाही. 1996 सालची ही पद्धत, आणि तिच्या मर्यादेचा मान राखत आजही जग फाइली कापतंय. आम्ही शाळेत असताना गेम सात फ्लॉप्यांवर यायचा आणि पाचवी फ्लॉपी हमखास खराब निघायची. मग ती परत आणायला सायकलवरून मित्राच्या घरी, तिथे त्याची आई म्हणायची तो झोपलाय. तेव्हा पाचवी, आता नववा. तीस वर्षांत चार तुकड्यांची प्रगती.

दुकानाला लिहिलं. उत्तर आलं: अँटिव्हायरस बंद करा, दुसरा ब्राउझर वापरा, राउटर बंद करून चालू करा, बहुधा तुमच्या इंटरनेटचा प्रश्न आहे. इंटरनेटवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, बहुधा दुकानाच्या सर्व्हरचा प्रश्न आहे. आता माझा प्लॅन 100 एमबीपीएसचा. यातला ‘बी’ म्हणजे बिट, बाइट नव्हे. आठाने भागायचं. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. हा भागाकार जाहिरातीत कुणी करून देत नाही, तो आपण बिल भरल्यानंतर करायचा. ते साडेबाराही चालले असते, पण मला मिळत होते सव्वा. शिवाय प्लॅनचं नाव ‘अनलिमिटेड’, आणि महिन्याला ठरलेले जीबी संपले की वेग बैलगाडीवर. मर्यादा असलेल्या अमर्याद गोष्टीला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते छापता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नेटवाला मुलगा आला. त्याच्याबरोबर वरच्या मजल्यावरचे काका आले, कारण केबलच्या डक्टची किल्ली सोसायटीने त्यांच्याकडे दिलेली आहे. मुलाने राउटरच्या बरोबर समोर उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट मारली.

“96 येतंय सर.”

“तुझ्या मोबाइलवर येतंय. माझ्या कॉम्प्युटरवर सव्वा एमबी, म्हणजे तुझ्या हिशेबाने दहा येतंय.”

“मग कॉम्प्युटर इथे आणा.”

खरं सांगायचं तर यात तथ्य होतं. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी बोलते, शेजारणीशी बोलल्यासारखी. गेम येतो कुठल्याकुठे दूरवरून. त्यात आमचा राउटर शोकेसमध्ये स्टीलच्या डब्यांमागे, कारण त्याचे दिवे हॉलमध्ये बरे दिसत नाहीत असा गृहखात्याचा निर्णय झालेला आहे. पण मुलगा हे समजावून सांगेल तर शप्पथ. तो म्हणाला, “रेटिंग द्या सर, मेसेज येईल,” आणि गेला. मेसेज तो जिना उतरायच्या आत आला. माझी तक्रार समाधानकारकरीत्या सुटली होती.

काका मात्र गेले नाहीत.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्य जळगावच्या ट्रंक एक्स्चेंजवर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देणाऱ्या बोर्डावर गेलं. आता नाशकात मुलाकडे असतात आणि लाइनमधला बिघाड म्हटलं की त्यांना औषधाची आठवण राहत नाही. माझ्या खुर्चीत बसले, चष्मा लावला. “बोल. नेमका कुठे तुटतोय कॉल?”

मी सांगितलं, की प्रत्येक फाइलचा एक ठसा असतो, एमडी5 म्हणतात. फाइल केवढीही असो, ठसा बत्तीस अक्षरांचा. फाइलीतला एक कण जरी हलला तरी अख्खा ठसा बदलतो. दुकानाने नवव्या तुकड्याचा ठसा दिलाय (तो कुठल्या कोपऱ्यात दिलाय हे शोधायला पाऊण तास गेला, ते असो). आपल्याकडे उतरलेल्या फाइलचा ठसा काढायचा आणि दोन्ही ताडून बघायचे.

“म्हणजे पत्रिका जुळवायची,” काका म्हणाले.

“हो, पण लग्नात छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी बार उडवून देतात. इथे बत्तीसपैकी बत्तीसच लागतात.”

“कडक स्थळ आहे.”

मी दोन्ही ठसे स्क्रीनवर शेजारीशेजारी चिकटवणार होतो. दोन सेकंदांचं काम. काकांनी माझा हात धरला. “असं नाही. मी वाचतो, तू लिहून घे, मग टॅली कर. ट्रंकवर प्रत्येक कॉलचं तिकीट लिहायचो आम्ही. नजरेने जुळवणारा माणूस कधीतरी गोत्यात येतो.” वयाचा मान असतो. मी विजेच्या बिलाची पाठ घेतली.

“सात. एफ फॉर फैजपूर. तीन. शून्य. बी फॉर भुसावळ. बी फॉर भुसावळ.”

“भुसावळ दोनदा?”

“जंक्शन आहे. दोनदा येणारच. पुढे लिही. डी फॉर धरणगाव. आठ. आता सी आलाय. चोपडा घेऊ का चाळीसगाव?”

“काहीही घ्या काका.”

“काहीही घेऊन चालत नाही. एकदा चाळीसगाव घेतलं की शेवटपर्यंत चाळीसगाव. मध्येच चोपडा आलं की समोरचा ऑपरेटर गडबडतो.”

“मग चाळीसगाव घ्या.”

“सी फॉर चाळीसगाव. ए फॉर अमळनेर. एक. ई फॉर एरंडोल.”

इथे मला एक गोष्ट लक्षात आली आणि मी पेन खाली ठेवलं. या ठशात शून्य ते नऊ आकडे असतात आणि ए ते एफ अक्षरं. सोळा चिन्हं, बस्स. याला हेक्साडेसिमल म्हणतात. अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, धरणगाव, एरंडोल, फैजपूर. सहाच्या सहा अक्षरांना एकट्या जळगाव जिल्ह्यात गावं आहेत. आमच्या नाशिकला ‘ई’साठी इगतपुरी घ्यावी तर तिचं स्पेलिंग ‘आय’वरून. साताऱ्याला एफसाठी फलटण सुचेल, पण ते ‘पीएच’. जळगाव मात्र जन्मजात हेक्साडेसिमल जिल्हा आहे. केळी आणि सोन्याच्या गडबडीत याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

मी हे काकांना सांगितलं. वाटलं खूश होतील. ते गंभीर झाले.

“जी येत नाही?”

“नाही. एफला संपतं.”

“म्हणजे जामनेर, पाचोरा, रावेर, यावल, यांना काहीच चान्स नाही?”

“नाही.”

“हा अन्याय आहे. यावलहून फैजपूर असं कितीसं लांब आहे? आणि फैजपूरला घेतलंय.” मग जरा थांबून, न्याय करायचा म्हणून, “पण फैजपूरचा मान मोठा. 1936 चं काँग्रेसचं अधिवेशन. खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू.”

तेवढ्यात चहा आला. नेहरूंवरून गाडी त्या काळच्या रस्त्यांवर गेली, रस्त्यांवरून खांबांवर, खांबांवरून तांब्याची तार चोरणाऱ्यांवर. सत्तरच्या दशकात पुण्याचा अर्जंट कॉल लागायला तीन तास लागायचे आणि लोक वाट बघायचे, हे त्यांनी माझ्याकडे असं बघत सांगितलं, की चौदा तास थांबलेला मी उतावळा ठरलो. उरलेली अक्षरं पूर्ण व्हायला अर्धा तास लागला.

टॅली केली. एकही गुण जुळला नाही म्हटलं तरी चालेल. काका म्हणाले, “एकदा परत मोज. रॉंग नंबर लागला असेल.” मी पुन्हा ठसा काढला. ते वाचायला लागले.

“चार. ई फॉर एरंडोल. नऊ...”

“थांबा. मघाशी सात होतं. सात, फैजपूर.”

“आता चार, एरंडोल आहे.”

“काका, फाइल तीच आहे. ठसा बदलू शकत नाही. मघाशी तुम्ही चुकीचं वाचलंत.”

हे बोलायला नको होतं, हे बोलतानाच कळलं. काकांनी चष्मा काढला. घडी करून खिशात ठेवला. बशीतला शेवटचा घोट तसाच सोडून उठले. “एकतीस वर्षं बोर्डावर काढली. एक आकडा चुकलेला नाही,” एवढंच म्हणाले. डक्टची किल्ली टेबलावर विसरले आणि मग ती न्यायला दोन मिनिटांनी परत आले, तेव्हा काही बोललेच नाहीत. तो प्रसंग जास्त वाईट होता.

रात्री मी चिडून एकटाच बसलो आणि त्याच फाइलचा ठसा चार वेळा काढला. तीन वेगवेगळी उत्तरं आली. एक फाइल, तीन ठसे. म्हणजे फाइल खराब असो की नसो, ती मोजणारा शुद्धीवर नव्हता. मोजताना फाइल ज्यातून जाते ती मेमरी, रॅम, तिथेच गोम. तीन महिन्यांपूर्वी मी नऊशे रुपयांत आठ जीबीची जुनी रॅम आणून बसवली होती. दुकानदाराने “चेक करून देतोय साहेब” म्हणून ती शर्टाला पुसली होती. तेच चेकिंग.

मेमरी तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालत ठेवला. सकाळी स्क्रीन लालेलाल. चार जीबीचे तुकडे त्या सडक्या रॅममधून जाताना एखाददुसरा कण बदलून पुढे जात होता. रोजच्या कामात कळलंही नव्हतं. मागच्या आठवड्यात मी त्याच मशीनवर आयकर विवरणपत्र भरलंय, याचा मी सध्या विचार करत नाही.

मला राग याचा येतो, की यात कुणीच खोटं बोललं नव्हतं. दुकान म्हणालं आमची फाइल ठीक आहे, ती ठीकच होती. नेटवाला म्हणाला 96 येतंय, ते येतच होतं. रॅमवाल्याला फोन केला तर म्हणाला, “तीन महिने चालली ना साहेब? सेकंड हँडला सात दिवसांची गॅरंटी असते.” तीही असतेच. सगळे आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मोकळ्या जागेत मी, स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीवर पालथा. कुणावर ओरडावं असा एक माणूस सापडला होता, तोही नेमका अचूक वाचणारा निघाला.

रॅम काढली. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर ओढली. ती हॉलमधून आडवी जाते म्हणून घरात वेगळा वाद चालू आहे, त्यात इथे शिरत नाही. वेग सेकंदाला अकरा एमबी. नववा तुकडा सहा मिनिटांत उतरला. ठसा काढला. आता चिकटवून जुळवता आला असता. का कोण जाणे, मी विजेचं बिल घेतलं आणि एकटाच मोठ्याने वाचत बसलो. अमळनेर, दोन, दोन, चाळीसगाव. बत्तीसच्या बत्तीस. उरलेले चौदाही एकेक करून तपासले. त्यातले दोन खराब निघाले, ते पुन्हा आणले. गेम बसला. अजून उघडलेला नाही.

संध्याकाळी जिन्यात काका भेटले. म्हटलं, “काका, तुमचं वाचन बरोबर होतं.”

“कुठलं? पहिलं का दुसरं?”

“दोन्ही.”

“हं,” म्हणाले आणि कठडा धरून वर गेले. तेवढ्यावर मिटलं असं मला वाटलं.

आज सकाळी दूध आणायला उतरलो तर गेटवर वॉचमन उठून उभा राहिला. सहसा राहत नाही. अतिशय काळजीच्या सुरात त्याने विचारलं, “साहेब, भुसावळला अडकलेलं तुमचं सामान आलं का?”

“आलं,” म्हटलं.