पिवळा बलक ताटाबाहेर काढायला लावणारा मेसेज

गेल्या आठवड्यात आई जेवायला बसली आणि उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक बोटानं अलगद काढून तिनं ताटाच्या कडेला ठेवला. विचारलं तर म्हणाली, "जहर असते म्हणे त्याच्यात. तुझ्या आत्यानं पाठवलं ना मोबाइलवर." आई ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी जिना उतरताना तिचे पाय लटपटायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितली होती. डाळीनं पोट फुगतं, मटण चावत नाही. राहिलं अंडं. तेही आता अर्धंच.

मेसेज 'नागपूरकरांनो, सावधान!' असा सुरू होतो. पुढे म्हणतो की रोज एक बलक म्हणजे रोज पाच सिगारेटी, त्यातल्या कोलेस्टेरॉलनं नसा बंद होतात, अंडं गरम म्हणून एप्रिल ते जून हातही लावू नका, पोल्ट्रीत कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात, बाजारात प्लास्टिकची अंडी आली आहेत, आणि खायचंच असेल तर गावरान अंड्याचं पांढरं तेवढं खा. आमच्या तीन ग्रुपवर तो येऊन गेला.

सिगारेटीपासून सुरू करतो. ही तुलना २०१२ सालच्या कॅनडातल्या एका अभ्यासातून निघाली. रक्तवाहिन्यांच्या दवाखान्यात आलेल्या १,२००हून अधिक रुग्णांना आठवड्याला किती बलक खाता, किती वर्षं खाता, असं विचारलं आणि मानेतल्या रक्तवाहिनीतला थर मोजला. खाणं सांगितलं रुग्णांनी आठवणीतून. त्यांचा व्यायाम किती, पोटाचा घेर किती, हे हिशेबात धरलंच नव्हतं. एवढ्यावरून अंडं सिगारेटीच्या रांगेत बसवता येत नाही. विदर्भात खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं) तोंड उघडेनासं झालेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. तंबाखू काय करते हे आपण डोळ्यांनी पाहतो. तिच्याशेजारी अंडं ठेवलं की अंड्याची भीती वाढते आणि तंबाखूची कमी होते, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

कोलेस्टेरॉलचा मुद्दा मात्र हवेतला नाही. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, आणि ते सगळं बलकात. १९१३ साली रशियात सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर बसले. पण ससा गवत खाणारा प्राणी, त्याच्या शरीराला या पदार्थाची सवयच नाही. माणसाचं बरंचसं कोलेस्टेरॉल त्याचं स्वतःचं यकृत तयार करतं, आणि जेवणातून जास्त आलं तर बहुतेकांचं यकृत आपलं उत्पादन कमी करतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९६८ साली आठवड्याला तीनच बलक सांगितले होते. त्याच संस्थेनं २०१९ साली निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालेल असं म्हटलं. त्याआधी २०१५च्या अमेरिकी आहार-मार्गदर्शनातून कोलेस्टेरॉलची दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादाही गेली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ सालीच अमेरिकेतल्या सुमारे तीस हजार लोकांच्या अभ्यासात जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा जास्त दिसला. २०२० साली दोन लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत तसं काही दिसलं नाही. काही लोकांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल अंड्यानं इतरांपेक्षा जास्त चढतं. ज्यांना मधुमेह आहे, हृदयविकार होऊन गेलाय किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त आहे, त्यांनी किती खायची हे रक्ताची तपासणी आणि डॉक्टर ठरवतील, मोबाइल नाही.

रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त वाढवते ती संपृक्त चरबी. अंड्यात ती दीड ग्रॅमच्या आसपास, एका मोठ्या चमचाभर तुपात आठ ग्रॅमच्या वर. म्हणून अंडं कशात शिजलं हे बघा. उकडलेलं अंडं आणि डालड्यात परतून वर बटर सोडलेली ठेल्यावरची भुर्जी एकाच हिशेबात धरता येत नाहीत.

आता बलकच काढून टाकला तर काय जातं? अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त बलकात. ए आणि डी जीवनसत्त्व बलकात, बी-१२ जवळजवळ सगळं बलकात. मेंदू आणि यकृताला लागणारं कोलीन, अंड्यामागे साधारण १४७ मिलिग्रॅम, तेही तिथंच. गरोदर बाईला कोलीनची गरज वाढते, आणि नेमकं तिलाच घरात 'पांढरं खा' सांगतात. लोहासाठी मात्र अंड्यावर विसंबू नका, त्यातलं लोह शरीरात फारसं शोषलं जात नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३५ वयाच्या मानानं बुटकी निघाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा निधी काढून घेतला. अशा वेळी घरातलंही अंडं भीतीनं बंद करायचं?

गरमीचं बोलू, कारण नागपुरात हे सगळ्यांना पटतं. २३ मे २०१३ला आपण ४७.९ अंश सोसले आहेत. प्रथिनं पचवताना शरीर थोडी उष्णता तयार करतं, हे खरं. एका अंड्यामागे ती फार तर सात-आठ कॅलरी होते. तेवढी उष्णता आई कूलरसमोर नुसती बसली तरी दहा मिनिटांत तयार करते. उन्हाळ्यात खरा त्रास अंडं नासण्याचा आहे. शिवाय उन्हात कोंबडी धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचं कवच पातळ बनतं. मे महिन्यात ट्रेमध्ये तडकलेली अंडी जास्त निघतात ती यामुळेही. तडकलेलं घेऊ नका, आणल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा, पाण्यात तरंगलं तर फेका, बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.

हार्मोनचं म्हणाल तर हजारो कोंबड्यांना सुया टोचत कोण बसेल? एका कोंबडीची वर्षाला तीनशेच्या वर अंडी येतात ती निवडलेल्या जातीमुळे, खाद्यामुळे आणि शेडमधल्या सोळा तासांच्या उजेडामुळे. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा. जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर केंद्रानं २०१९ साली बंदी घातली, ती उगाच नाही.

प्लास्टिकच्या अंड्याची शंका असेल तर टरफल व्हिनेगरमध्ये टाकून बघा, खरं असलं तर बुडबुडे येऊन विरघळतं. आतला पापुद्रा जळताना प्लास्टिकसारखा आकसतो, पण तो प्रथिनाचा आहे. केसही तसाच आकसतो.

गावरान अंडं चवीला मलाही आवडतं. पण टरफलाचा रंग जातीवरून आणि बलकाचा रंग खाद्यावरून येतो. दुप्पट पैसे मोडून अर्धी अंडी आणण्यापेक्षा साधी आणा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. आत्यानं विचारलं, "मंग बीपीवाल्यानं खावं का नाही?" आत्या, एका अंड्यात सोडियम सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तू वरून मीठ भुरभुरतेस ते कमी कर, सोबतचा पापड आणि लोणचं बाजूला ठेव, आणि बलकासकट खा.