माया कमी पडली

आमच्या माळ्यावर उशीचा एक जुना अभ्रा आहे, कात्रणांनी ठासून भरलेला. बायकोच्या ब्लाउजची, मुलीच्या फ्रॉकची, पडद्यांची कात्रणं. शिवाय बाबा मिलमध्ये होते तेव्हाचे पॉपलिनचे तुकडे. 1982 च्या संपानंतर मिलचं कापड घरात येणं थांबलं, पण ते तुकडे टाकायचा धीर कुणालाच झाला नाही. यंदा पावसाळ्याआधी माळा आवरताना अभ्रा धपकन माझ्या डोक्यावर पडला. बायकोने तो बोहारणीपुढे ठेवला. बोहारणीने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "चिंधी नाय घेत." लालबागमध्ये, गिरणगावात राहणाऱ्या माणसाला दारात येऊन कुणी चिंधी म्हणावं! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की याचं पॅचवर्क करणार, म्हणजे तुकडे जोडून चादर शिवणार.

"अहो, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही," बायको म्हणाली. हे खरं होतं, पण मुद्द्याला धरून नव्हतं.

हिशेब मात्र मी चोख मांडला. बँकेत बत्तीस वर्षं दुसरं केलं काय? 5 इंचांचे चौकोन कापायचे. शिलाईत चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे टाक्यापलीकडे सोडलेली कड, जाणार, उरणार साडेचार. नऊ ओळी, ओळीत नऊ चौकोन, एकूण 81. चादर साडेचाळीस इंचांची, चौरस. कागदावर ती त्याच संध्याकाळी तयार झाली.

मग अभ्रा उपडा केला. ब्लाउजच्या कात्रणांत सरळ असं काही नसतंच. बगलेचे गोल, गळ्यांचे अर्धचंद्र, बाह्यांची टोकं. सरळ कापड शिंपी अंगावर चढवतो आणि वाकडं तेवढं प्रामाणिकपणे परत करतो. त्यातून ओढूनताणून काढलेला चौकोन हमखास उरेब निघतो, म्हणजे धाग्याला तिरका. टेबलावर तो चौकोन असतो. हातात उचलला की पतंग होतो. दोन दिवसांत असे तेवीस निघाले. त्यातला एक जॉर्जेटचा होता, हे इस्त्रीला चिकटल्यावर कळलं.

शिवण्याआधी तुकडे जमिनीवर मांडून रंगसंगती बघावी लागते. त्यासाठी पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिना, मुंबई, दहा बाय बाराची खोली आणि शेजारी तापलेली इस्त्री. बनियन पिळून मी रंगसंगती बघत होतो. शेवटचा हिरवा तुकडा जागेवर ठेवला आणि मुलगी ऑफिसातून आली. "बाबा, वेड लागलंय का? किती उकडतंय!" म्हणत तिने पंखा पाचवर केला. नंतर दोन चौकोन शेजारच्यांच्या दारात सापडले. एक अजून सापडायचा आहे.

कमी पडलेल्या चौकोनांसाठी कापडाचं मंगलदास मार्केट गाठलं. "दहा रंगांचं, प्रत्येकी पाव मीटर," मी म्हणालो. दुकानदाराने ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने आम्ही बँकेत सुट्टी नाणी भरायला येणाऱ्यांकडे बघायचो. घरचं कापड वाया जाऊ नये म्हणून विकतचं कोरं सुती कापड आणून मी स्वतःच्या हाताने त्याच्या चिंध्या केल्या.

शिलाईला आईचं काळं हातमशीन. उजव्या हाताने हँडल फिरवायचं, म्हणजे कापड सरळ ठेवायला उरतो डावा, जो आयुष्यात कधी सरळ चाललेला नाही. तरी पहिली ओळ झाली. टेप लावला. दोन्ही टोकांची माया धरून 41 इंच यायला हवी होती, आली 40! सगळा हिशेब पुन्हा केला. प्रत्येक तुकड्यातून मी अर्धा सूत जास्त घेत होतो; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन तुकड्यांचं मिळून एका शिलाईला एक सूत. शिलाया आठ, म्हणजे आठ सूत, म्हणजे अख्खा एक इंच. बँकेत चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत आम्ही रात्री बसत असू. इथे अर्ध्या सुताने माझी अब्रू काढली. दुसऱ्या ओळीला मशीनच्या पत्र्यावर पाव इंचाच्या खुणेची चिकटपट्टी लावली आणि ओळ बरोबर आली. त्यामुळे ती पहिलीला जुळेना. मी तीन दिवस शिवलं आणि पाच दिवस उसवलं.

आई कॉटवरून सगळं बघत होती. साताऱ्याकडची ती, जुन्या लुगड्यांच्या घड्या अंथरून धावदोऱ्याने अख्ख्या वाकळी शिवलेल्या. टेप तिने कधी हातात धरला नाही.

"माया किती सोडलीस रं?"

"पाव इंच."

"एवढीशी? लेकरं हैत का सावत्र?"

शिलाया दाबताना एका ओळीच्या उजवीकडे आणि खालच्या ओळीच्या डावीकडे वळवल्या, तर कोपरे एकमेकांत बसतात, हे मला सहाव्या ओळीला कळलं. तोवरचे कोपरे भाऊबंदकीतल्या भावांसारखे, शेजारी पण तोंड फिरवून. त्यातून लाल खणाचा तुकडा मी आधी धुतला नव्हता. पहिल्याच धुण्यात त्याने शेजारची पाच पांढरी घरं गुलाबी केली.

शेवटी कोपरे बरे जुळलेल्या चार ओळी ठेवल्या. चादरीचं दुपटं झालं, पण घरात बाळ नाही. टीव्हीवर घालावं तर हल्लीच्या टीव्हीला माथाच नसतो. म्हणून ते मशीनवर घातलं. हँडल तेवढं बाहेर राहतं.

"छान झालं," बायको म्हणाली. "आता ते मशीन डोळ्यांसमोर नको." आणि नव्या कात्रणांची पिशवी तिने अभ्र्याशेजारी माळ्यावर सरकवली.