मुलींच्या शाळेतली दहावी आणि नीटनेटकेपणाचा सोस

मुलींच्या शाळेत पाचवीपासून एका गोष्टीचं फार कौतुक होतं. वहीचं. समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा, नाशिकच्या मेनरोडवरून आणलेली जेल पेनं, आकृत्यांना रंग. दहावीत हेच कौतुक गुण खातं, असं माझं स्पष्ट मत आहे. सहामाहीचे पेपर हातात आले की टक्के बाजूला ठेवा आणि गुण नेमके कुठे गेले ते बघा. येत नव्हतं म्हणून किती गेले आणि येत असून राहून गेले ते किती?

भूमिती घ्या. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची असेल तर लंबदुभाजकाचे कंस दिसायला हवेत, त्यालाच गुण असतात. मुली काय करतात, आकृती पूर्ण झाली की कंस खोडरबराने पुसून टाकतात, कारण म्हणे घाण दिसतं! मग स्पर्शिका रचनेने आली की पट्टीने अंदाजे ओढली, हे परीक्षकाने कशावरून ठरवायचं? कंस फिकट काढा, पण राहू द्या. कंपासपेटी आठवीतलीच चालू असेल तर कंपासचा स्क्रू तपासा. सैल असला की त्रिज्या मधेच सरकते आणि समरूप त्रिकोणाच्या रचनेतले 'समान भाग' समान राहत नाहीत. बीजगणितात आलेख सुबक असतो, पण कोपऱ्यात प्रमाण लिहायचं राहतं.

आता वेळ. राज्य बोर्डाच्या दहावीत गणित आणि विज्ञानाचे दोन-दोन भाग, प्रत्येक पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे गुणामागे ३ मिनिटं. भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, म्हणजे गुणामागे जेमतेम सव्वादोन. ज्या पेपराला घरात सगळे सोपा म्हणतात, तिथेच वेळ कमी. मराठीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि ते सगळ्यात शेवटी येतं. त्यात निबंध ८ गुणांचा, म्हणजे हिशेबाने १८ मिनिटांचा. त्याला तीन पानं आणि पाऊण तास दिला की जाहिरात किंवा बातमी सुटते आणि ५ गुण सरळ जातात. सरावाला घड्याळ लावून एक निबंध १८ मिनिटांत लिहून बघा, कुठे थांबायचं ते हाताला कळतं. शाई निळी किंवा काळीच. रंगीत पेनं घरी ठेवा. शेवटी जी १० मिनिटं वाढवून मिळतात ती नवीन उत्तराला नाहीत. पुरवण्या, भूगोलाचा नकाशा आणि आलेख कागद नीट बांधायला वापरा.

तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण 'शाळा देतेच' म्हणून कोणी मनावर घेत नाही. मिळतातही. पण ज्या मुलीने दहावीत उपकरण लांबून बघितलं, तिची अकरावी सायन्सला ब्युरेटसमोर (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) तारांबळ उडते.

घरच्यांना मात्र एक काम आहे आणि ते अभ्यासापेक्षाही महत्त्वाचं. बोर्डाचा फॉर्म भरला की शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्ममधल्या माहितीची तपासायची यादी येते आणि तिच्यावर मुलीची सही घेतात. मधल्या सुट्टीत, मैत्रिणींच्या घोळक्यात, न वाचता सही होते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि विषय एकेक अक्षर लावून बघायचे असतात, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवा. आईच्या नावाचा घोळ सगळ्यात जास्त, कारण कुठे माहेरचं, कुठे सासरचं, कुठे हाक मारायचं नाव लागलेलं असतं. चूक जनरल रजिस्टरमध्येच, म्हणजे शाळेच्या मूळ नोंदवहीतच असेल तर मुलगी शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की ते काम फार अवघड होऊन बसतं. म्हणून प्री-लिस्टची वाट न बघता रजिस्टरमधली नोंद गणपतीच्या आधीच तपासून घ्या.

इंटरमिजिएट चित्रकलेची ग्रेड असेल तर वाढीव गुणांचा प्रस्तावही शाळेमार्फतच जातो. ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३. प्रमाणपत्र कपाटात राहिलं तर काही मिळत नाही.

दाखल्यांचंही तेच. जातीचा लागू असेल तर तो दिवाळीच्या सुट्टीत काढायला टाका. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा काढताना त्याची मुदत प्रवेशाच्या वेळी चालू राहील ना ते बघा. निकालानंतर सेतूत सगळा जिल्हा रांगेत असतो. उत्पन्नाचा दाखला पुढेही लागतो. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झाला असेल तर. 'इंजिनिअरिंग परवडणार नाही' म्हणून दहावीतच मुलीचा मार्ग वळवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म मैत्रिणीचा बघून भरू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून पहिल्या क्रमांकावर जे टाकाल तिथे रोज जाता येईल का ते बघा. गिरणारे किंवा दिंडोरीहून येणाऱ्या मुलीने कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडचं कॉलेज टाकताना, शेवटचं प्रॅक्टिकल सुटल्यावर सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) कोणती एसटी मिळते ते विचारून घ्यावं. डिप्लोमा करायचा असेल तर सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनाची प्रवेशप्रक्रिया वेगळी आहे, तिचा फॉर्मही वेगळा भरावा लागतो.