‘तोंड दाबून धरा, गप्प बसेल’: या सल्ल्याचं काय करायचं?

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक सल्ला फिरतो. कुत्र्याचं पिल्लू तुमच्याकडे बघून भुंकतं, कारण त्याला घरात बॉस व्हायचं असतं. भुंकलं की जोरात ओरडा, नाही ऐकलं तर तोंड दाबून धरा किंवा पट्टीने बांधा. दुर्लक्ष केलंत तर डोक्यावर बसेल.

आधी ते ‘बॉस’. ही कल्पना लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या वागण्यावर लिहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, लोकप्रिय केला आणि त्याच मेक यांनी १९९९मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे सहसा आईबाप आणि त्यांची पिल्लं, बॉस होण्यासाठी भांडणारी टोळी नव्हे. आठ महिन्यांचं लॅब्रॅडॉर सोफ्यासमोर बसून भुंकतं ते राज्य करायला नाही. भुंकलं की काहीतरी घडतं, एवढं त्याला कळलेलं असतं.

म्हणूनच ओरडणं उलटतं. तासभर फोनमध्ये डोकं घातलेला माणूस अचानक वर बघतो, बोलतो, उठूनही येतो. पिल्लाला आणखी काय हवं?

दुर्लक्षाने कुत्रा बिघडतो, हा समज मात्र हवेतून आलेला नाही. दुर्लक्ष सुरू केलं की सुरुवातीला भुंकणं खरोखरच वाढतं. कालपर्यंत चालणारी युक्ती आज चालेना, म्हणून पिल्लू जास्त जोर लावतं. नेमकं तेव्हाच शेजारी बेल वाजवतात, घरातले वैतागतात आणि आजी मालिका बघता बघता बिस्कीट टाकते, ‘घे बाबा, पण गप बस.’ झालं, आता त्याला कळलं की किती वेळ रेटायचं. कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय सुटायला सगळ्यात अवघड. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला विचारा. त्यामुळे आजीशी आधी बोलून घ्या, हे कुत्र्याला शिकवण्यापेक्षा कठीण असलं तरी.

आणि नुसतं दुर्लक्ष पुरत नाही. भुंकणं थांबलं की दोन सेकंदांत शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्या; मग पाच सेकंद शांत राहिल्यावर, मग दहा. त्याहून महत्त्वाचं, ते आपणहून चटईवर लोळत असेल तेव्हा द्या. आपण नेमके तेव्हाच त्याला विसरतो. भुंकणं रोज संध्याकाळी सातला सुरू होत असेल, तर पावणेसातलाच जुन्या टॉवेलात त्याचा खाऊ गुंडाळून हुंगायला द्या.

तोंड बांधण्याबद्दल फार चर्चा नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोंड आवळलं तर जिवावर बेतू शकतं. मारहाण तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे.

दुर्लक्ष कुठे करायचं नाही, हे त्या मेसेजमध्ये नाहीच. शू-शी लागलेलं पिल्लूही तुमच्याकडे बघूनच भुंकतं. घरात एकटं राहिल्यावर घाबरून भुंकणाऱ्याला पाठ फिरवून काहीच शिकवता येत नाही; त्याला एकटेपणाची सवय मिनिटामिनिटाने लावावी लागते. आणि शांत कुत्रा अचानक भुंकायला लागला, तर आधी पशुवैद्याकडे न्या.