आधी जीवाणूचे नाव कळू द्या

गेल्या डिसेंबरात पुण्यात मनगट मोडले, दोन रात्री रुग्णालयात राहून धातूची पट्टी बसवून घेतली. जानेवारीत नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला परतल्यावर जखम दाखवायला इथल्या रुग्णालयात गेलो, तेव्हा पहिला प्रश्न हाताविषयी नव्हताच. गेल्या दोन महिन्यांत परदेशातल्या रुग्णालयात दाखल होतात का, असा होता. होय म्हणताच मला वेगळ्या खोलीत बसवले, गाऊन, मास्क आणि हातमोजे घातलेली परिचारिका आली आणि नाकपुड्या, घसा व जखमेच्या जागेवरून कापसाच्या काड्या फिरवून घेऊन गेली. काही दिवसांनी फोन आला: नाकात मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू, अर्थात एमआरएसए, आढळला होता. तो पुण्यातच चिकटला असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण दाखल होण्यापूर्वी माझे नाक कोणी तपासलेच नव्हते. मग पाच दिवस दिवसातून तीनदा नाकात मुपिरोसिनचे मलम, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने डोक्यापासून अंघोळ, चादरी आणि टॉवेल बदलणे, असा सोवळ्याला लाजवील असा कार्यक्रम घरात चालला.

हा अपमान वाटला, हे कबूल करतो. २०१० मध्ये लान्सेट समूहाच्या नियतकालिकात प्रतिजैविके निकामी करणाऱ्या, जीवाणूंतल्या एका एंझाइमाला नवी दिल्लीचे नाव देऊन शोधनिबंध आला, तेव्हा संसदेपासून दूरचित्रवाणीपर्यंत जो संताप उसळला होता, तोच त्या वेगळ्या खोलीत माझ्याही मनात आला. तो विरल्यावर मात्र लक्षात आले की इथल्या लोकांना माझ्या देशाशी काही देणेघेणे नव्हते, त्यांना फक्त माझ्या नाकात काय आहे हे जाणून घ्यायचे होते. या देशात रक्तात सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये एमआरएसएचे प्रमाण फार तर दोनेक टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अलीकडच्या अहवालांत आपल्याकडच्या रुग्णालयांतले हे प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त दिसते.

नाकाचा उल्लेख मुद्दाम करतो. १९२१ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी सर्दी झालेली असताना आपल्याच नाकातला शेंबूड जीवाणूंच्या बशीवर टाकला आणि त्याच्या आसपासचे जीवाणू विरघळलेले पाहिले. त्यातून लायसोझाइम हे एंझाइम सापडले, जे आपल्या अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातही असते. जीवाणूची पेशीभित्तिका म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे आखूड तुकडे यांची विणलेली जाळी असते, आतला दाब ती सांभाळते, आणि एक टाका उसवला की जीवाणू फुटतो. लायसोझाइम साखरेच्या साखळ्या कापते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र त्या साखरेवर एक रासायनिक टोपी चढवून ठेवतो, म्हणून माझ्या नाकात लायसोझाइम असूनही तो तिथे सुखाने राहत होता.

त्याच्यावर तोडगा त्याच्याच भाऊबंदांकडे आहे. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेले लायसोस्टाफिन हे एंझाइम म्हणजे स्टॅफिलोकॉकस सिम्युलान्स या चुलत जीवाणूचे हत्यार. ऑरियसच्या जाळीतले आडवे पूल ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या पाच कड्यांचे असतात. लायसोस्टाफिन नेमके तेच तोडते, आणि सिम्युलान्स स्वतःच्या पुलांत काही ठिकाणी ग्लायसिनऐवजी सेरिन हे दुसरे अमिनो आम्ल घालून आपल्याच कात्रीपासून वाचतो. भाऊबंदकीचे इतके सूक्ष्म नियोजन कोकणातल्या जमिनीच्या दाव्यांतही पाहायला मिळणार नाही.

दुसरी कात्री विषाणूंची, म्हणजे जीवाणूंना खाणाऱ्या फेजची. जीवाणूच्या पोटात वाढून झाल्यावर फेज आतल्या पटलाला भोके पाडतो, एंडोलायसिन नावाचे एंझाइम त्यातून भित्तिकेपर्यंत जाते आणि पिल्ले बाहेर पडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात व्हिन्सेंट फिशेट्टी यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले की हेच एंझाइम शुद्ध करून बाहेरून दिले तरी उंदरांच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस मरतात.

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हे सारे एका वाक्यात येते: गंगेत फेज असतात, म्हणून गंगा शुद्ध. ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात अशी नोंद केली, हे खरेच आहे. पण फेज तिथेच मुबलक असतात जिथे जीवाणू मुबलक असतात. ते शोधणारे संशोधक म्हणूनच सांडपाण्याकडे वळतात, आणि मुठेच्या पात्रातही ते हवे तितके मिळतील. अभिमान बाळगायचाच तर बंगळुरूच्या गँगाजेन कंपनीने घडवलेल्या पी१२८ या प्रथिनाचा बाळगावा. फेज 'के'च्या शेपटीतले भित्तिका कापणारे पाते आणि लायसोस्टाफिनमधला, भित्तिकेला धरून ठेवणारा भाग यांची ती जोडणी आहे. पाते विषाणूचे, मूठ जीवाणूची. गटावर ते कोणी कधी पाठवलेले मला आठवत नाही.

तरी या कात्र्यांकडून चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. एक्झेबकेस या एंडोलायसिनची रक्तातल्या स्टॅफिलोकॉकससाठीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये लाभ दिसत नाही म्हणून थांबवावी लागली आणि ते घडवणारी अमेरिकी कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. इथे नेदरलँड्समध्ये असेच एक एंझाइम त्वचेच्या मलमात घालून विकले जाते. शिवाय आपल्याकडचे मोठे दुखणे क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर या जीवाणूंचे आहे. नवी दिल्लीच्या नावाचे ते एंझाइमही अशाच, ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंत असते. त्यांच्या भित्तिकेवर आणखी एक पटल असल्याने बाहेरून दिलेली कात्री पोहोचतच नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी तिला पटल भेदणारी जोड बसवून पाहिली आहे, पण रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता लांबचा आहे.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. प्रतिजैविकाची गोळी अंदाजाने देता येते, कारण ती दहा जातींचे जीवाणू मारते आणि एखादा नेम लागतोच. लायसोस्टाफिन किंवा पी१२८ स्टॅफिलोकॉकसखेरीज कोणाला हात लावत नाही. तेच त्याचे सौंदर्य, आणि तीच अट: जीवाणूचे नाव आधी माहीत हवे. आपल्याकडची चर्चा मात्र औषधदुकानदाराभोवती फिरते. २०१४ मध्ये काही प्रतिजैविकांच्या विक्रीवर निर्बंध आणणारी अनुसूची एच-१ लागू झाली, २०१६ मध्ये 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' असे सांगणाऱ्या, पाकिटावरच्या लाल रेषेची मोहीम निघाली, २०१९ मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. ही सगळी पावले योग्यच आहेत. पण डॉक्टरची फी गोळ्यांपेक्षा महाग असलेल्या माणसाला 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' असे इथून सांगणे मला सोपे जाते, कारण माझ्या नाकाची तपासणी विम्यातून झाली. डच डॉक्टर तापाला पॅरासिटामोल देऊन घरी पाठवतो याचे आपण परदेशस्थ फार कौतुक करतो. संशय आला की प्रयोगशाळा त्याच्या हाताशी असते, एवढे मात्र सांगायचे विसरतो.

परिचारिकेने माझ्याकडे पुण्यातला कल्चर अहवाल, म्हणजे नमुन्यातला जीवाणू वाढवून ओळखल्याचा अहवाल, मागितला होता. डिस्चार्ज कार्डावर दोन प्रतिजैविकांची नावे होती, जीवाणूचे एकही नव्हते. परवा भावाला फोन करून विचारले, की त्याच्या तालुक्यात कोणाला जखमेतल्या पुवाचे कल्चर करायचे झाले तर कुठे होते. तो म्हणाला, नमुना जिल्ह्याच्या गावी जातो, अहवाल यायला चार दिवस लागतात, आणि तोवर तीन दिवसांच्या गोळ्या संपलेल्या असतात.