पाचशे ब्रश विकत घेऊन रंग ओला होत नाही

साताऱ्यातल्या चित्रकलेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: डिजिटल चित्र खऱ्या ब्रशनं रंगवल्यासारखं हवं तर ८१९२ प्रेशर लेव्हलचा, पेननं चित्र काढायचा टॅबलेट घ्या, पाचशे ब्रशांचा पॅक टाका आणि शेवटी चित्रावर कागदाचं टेक्स्चर चढवा. इंटरमिजिएटची पोरं एवढ्यावर घरच्यांना खर्चात पाडतात.

आधी लेव्हल, म्हणजे पेनचा दाब टॅबलेट किती पायऱ्यांत ओळखतो ते. ४०९६ आणि ८१९२ यांतला फरक हाताला कळत नाही. प्रेशरचा वक्र, म्हणजे किती दाबाला किती परिणाम हे ठरवणारी रेघ, मात्र कळतो. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात टॅबलेट सेटिंगमध्ये हा वक्र असतो. हात हलका असेल तर तो थोडा वर उचला. पेन फार सरकतं ही तक्रार मात्र खरी. स्क्रीन नसलेल्या टॅबलेटवर बाँड पेपर चिकटवा. पेनची निब, म्हणजे टोक, लवकर झिजेल. तिला तिरपी धार आली की बदला.

ब्रश पॅकचा मुद्दा सर्वांत फसवा. पोस्टर कलरचा ब्रश खालचा ओला रंग ओढतो आणि त्याच्यातला रंग संपत जातो. पॅकमधले पुष्कळसे ब्रश म्हणजे नुसते वेगवेगळ्या आकारांचे शिक्के. त्यापेक्षा क्रिटातला कलर स्मज प्रकारचा एकच ब्रश घ्या, एफ५ दाबून ब्रशच्या सेटिंगमध्ये कलर रेटला (ब्रश स्वतःचा रंग किती सोडतो) प्रेशर आणि फेड (ठशागणिक कमी होत जाणं) दोन्ही जोडा. ब्रश ६० पिक्सेल, स्पेसिंग ५ टक्के, म्हणजे दर ३ पिक्सेलला एक ठसा. फेड ३०० ठशांवर ठेवला की ९०० पिक्सेलवर रंग संपतो, पुढं ब्रश फक्त खालचा रंग ओढतो. उलट रंग वाढत गेला तर वक्र पलटवा. फेड ओपॅसिटीला (ठशाच्या गडदपणाला) जोडू नका, ओढणंही थांबेल. संगम माहुलीच्या घाटाचं पाण्यातलं प्रतिबिंब यानं छान ओढता येतं, पण पाणी आणि घाट एकाच लेयरवर, म्हणजे चित्राच्या एकाच थरावर हवेत. रिकाम्या लेयरवर ओढायला रंगच नसतो, कडा फिकट पडतात.

निळ्या-पिवळ्याचा हिरवाही आपोआप होत नाही. साध्या आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत, शुद्ध निळा आणि पिवळा निम्मे-निम्मे मिसळले की करडा येतो. हिरवा वेगळा काढून ठेवा, नाहीतर खऱ्या रंगांसारखं (पिगमेंट) मिश्रण असलेलं मायपेंट २ हे सॉफ्टवेअर वापरा.

राहिलं टेक्स्चर. खडबडीत कागदाचा दाणा उठतो तो कोरड्या, हलक्या फटकाऱ्यात. वरून चढवलेलं टेक्स्चर आकाशावर आणि घाटाच्या दगडावर सारखंच बसतं, म्हणून खोटं दिसतं. ते ब्रशच्याच टेक्स्चर पर्यायात लावा आणि स्ट्रेंग्थला प्रेशर जोडून वक्र असा ठेवा, की हलक्या दाबाला दाणा जास्त आणि भरीव दाबाला जवळजवळ नाही.